तीन किलोंचा ताळेबंद

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरला, त्यातलं माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्यासाठी किती राखायचं आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची, हे सगळं गावासमोर ठरतं. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं, १९७२च्या दुष्काळानंतर पार खचलेलं हे नगर तालुक्यातलं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काही वर्षांत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, बोअरवेलच्या पाण्यावर शेती न करण्याचा नियम अशा निर्णयांतून गावानं डोंगर पुन्हा हिरवा केला. दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं, तिथं ते चार हजार लिटरच्या घरात गेलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या यशामागे एक साधी सवय आहे. काहीही हाती घेण्याआधी गाव विचारतं: याला लागणार किती, आणि आपल्याकडे आहे किती?

हा लेख पाण्याबद्दल नाही, अगदी लहान कुत्र्याबद्दल आहे. पण हिवरे बाजारचा तो प्रश्न या विषयाला नेमका लागू पडतो, म्हणून सुरुवात तिथून केली. गेल्या काही दशकांत पामेरियन, पग, शित्झू, चिहुआहुआ ही नावं मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून निघून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत. गावात आरसीसीचं घर होतं, मुलगा पुण्याला नोकरीला असतो, दिवाळीला येताना आई-वडिलांना सोबत म्हणून एक पिल्लू घेऊन येतो. पिल्लू ओंजळीत मावतं. सगळ्यांना वाटतं, एवढ्याशा जिवाला असं काय लागणार आहे? काय लागतं आणि बदल्यात काय मिळतं, याचा हा ताळेबंद.

राखणदार ते मांडीवरचं

आपल्या परंपरेत कुत्र्याला मोठी जागा आहे. खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत. कुत्र्यानं पळवलेल्या भाकरीमागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरांतल्या गोष्टीत आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. धनगराच्या मेंढरांमागे चालणारा कुत्रा तर आजही नगर-सोलापूरच्या माळावर दिसतो. हे सगळे राखणदार किंवा शिकारी. मांडीवर बसणारं कुत्रं आपल्या खेड्यांत अलीकडचं.

जगात मात्र ते फार जुनं आहे. चिनी राजवाड्यांत पेकिंगीज पाळत. तिबेटच्या मठांत दाराबाहेर दांडगा मॅस्टिफ आणि आत ल्हासा अप्सो अशी राखणीची वाटणी असे: लहान्यानं चाहूल घेऊन भुंकायचं, मोठ्यानं पुढचं बघायचं. पामेरियनचा आकार लहान होण्यात आणि त्याची लोकप्रियता वाढण्यात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा मोठा वाटा. १९०१ मध्ये तिच्या शेवटच्या घटकेला टुरी नावाचा तिचा पामेरियन तिच्या पलंगावर होता. आपल्याकडे ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, अंगानं थोडा मोठा आणि इथल्या उन्हाला अधिक सरावलेला.

या ठेंगणेपणामागचं एक मोठं कारण आयजीएफ-१ नावाच्या जनुकात आहे, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. २०२२ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली. लहान आकाराशी जोडलेला या जनुकाचा प्रकार सैबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही सापडला. म्हणजे ठेंगणेपणाचं बीज निसर्गात आधीपासून होतं, माणसानं ते निवडून निवडून वाढवलं. निवड आपली, म्हणून तिच्या परिणामांची जबाबदारीही आपली.

जमेची बाजू

आधी जमा बघू, कारण ती खरोखर भरभक्कम आहे.

पहिली जमा आयुष्याची. प्राण्यांमध्ये सहसा मोठ्या जातीचा प्राणी जास्त जगतो. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. कुत्र्यांमध्ये हे उलटं आहे. २०१३ मध्ये जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठाच्या कॉर्नेलिया क्राऊस आणि सहकाऱ्यांनी ७४ जातींच्या नोंदी तपासल्या. वजनातल्या दर दोन किलोंमागे आयुर्मान सुमारे एक महिन्यानं घटतं, असं त्यांना दिसलं. ग्रेट डेन सात-आठ वर्षांत थकतो; नीट सांभाळलेलं लहान कुत्रं चौदा-पंधरा वर्षं सोबत करतं.

दुसरी जमा पोसण्याची. तीन किलोंच्या कुत्र्याला दिवसाला दीड-दोनशे मिलिलिटर पाणी पुरतं, एक फुलपात्रभर. दुभत्या गाईला दिवसाला साठ लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागतं. ज्या गावात पाण्याचा थेंब मोजला जातो, तिथं हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. खाणं थोडं, जागा थोडी, विष्ठा थोडी. अंघोळीला एक बादली पुष्कळ.

तिसरी जमा म्हाताऱ्या माणसांची. गुडघे दुखणाऱ्या आजीला तीस किलोंचा कुत्रा आवरत नाही, तो ओढेल तिकडे तिला जावं लागतं. तीन किलोंचं कुत्रं ती उचलून घेऊ शकते, नातवाच्या गाडीतून दवाखान्यात नेताना मांडीवर धरू शकते. त्याला वेळेवर घालायचं म्हणून ती स्वतः वेळेवर उठते, जेवते, अंगणात चार फेऱ्या मारते. स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्यानं राहणाऱ्या लोकांत, कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. कुत्र्यामुळेच आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणसंच कुत्रा पाळत असतील. तरी ज्या घरात दिवसभर दुसरा आवाज नाही, तिथं दारात वाट बघणारा एक जीव काय देतो, हे ते घरच जाणतं.

चौथी जमा चाहुलीची. लहान कुत्र्याचे कान मोठ्याइतकेच तिखट असतात. फाटकाची कडी वाजली, गोठ्यात गाय उगाच उठली, की ते आधी भुंकतं. चोराला ते अडवणार नाही, पण घरच्यांना जागं करतं.

चतकोर भाकरीचं मोल

आता खर्चाची बाजू. तिची सुरुवात ताटापासून होते.

जेवताना कुत्र्याला चतकोर भाकरी टाकणं ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. गावठी कुत्रं पंधरा किलोंचं असेल तर त्याला दिवसाला साडेआठशे किलोकॅलरीच्या आसपास लागतात. ज्वारीच्या मध्यम भाकरीत दोनशेहून थोड्या जास्त असतात. चतकोर म्हणजे पन्नास-पंचावन्न. गावठी कुत्र्याच्या दिवसाच्या खाण्यात ती जेमतेम सहा-सात टक्के. तीन किलोंच्या कुत्र्याला मात्र दिवसाला अडीचशेच पुरतात. त्याच्यासाठी तीच चतकोर दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा होते. आजोबांनी सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं दिली, सुनेनं दुपारी चतकोर टाकली, नातवानं संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू मोडून दिला, की कुणाच्याही ध्यानात न येता त्याचं पोट भरून ओसंडलेलं असतं. आणि त्यात अंगाला लागणारी प्रथिनं फारशी नसतात.

याची परीक्षा घरीच करता येते. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंवर हात सपाट ठेवा आणि हलकेच मागे सरकवा. बरगड्या बोटांना पातळ फडक्याखाली असल्यासारख्या लागल्या तर वजन ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर चतकोर बंद. दिसू लागल्या तर पोट साफ आहे का, जंत झालेत का, हे बघायला डॉक्टरकडे.

पिल्लाचं दुखणं उलट्या बाजूचं. दोन-तीन महिन्यांच्या अगदी लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतो. काही तास उपाशी राहिलं, थंडीत कुडकुडलं, की ते सुस्तावतं, लडखडतं, झटके येतात. त्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. नगरच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा ओट्यावर पोतं टाकून त्याला बाहेर झोपवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

दिवाळीच्या फराळाबद्दल वेगळं सांगायला हवं. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अलीकडे पशुविषतज्ज्ञ मानतात, आणि म्हणून चिंचेबद्दलही ते सावध करतात. कांदा-लसणानं रक्तपेशी फुटतात. किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की लक्षणं दिसू लागतात. तीन किलोंच्या कुत्र्याला त्यासाठी एक मध्यम कांदा पुरतो. करंजीतला बेदाणा, आमटीतली चिंच, भज्यातला कांदा हे माणसाला पौष्टिक आणि चविष्ट; त्याच्यासाठी वर्ज्य.

औषधांचंही तसंच. ताप आला म्हणून घरातली ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर तीन किलोंच्या अंगात किलोमागे १६५ मिलिग्रॅमहून जास्त औषध जातं. किलोमागे शंभरच्या आसपास कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. गोठ्यातल्या गोचीडावर मारायचं औषध, गाईला टोचायचं जंताचं इंजेक्शन, हे अंदाजानं लहान कुत्र्यावर वापरणं तितकंच धोक्याचं. मोठ्या जनावरात चूक झाली तरी अंग ती पेलतं. तीन किलोंच्या जिवात चुकीला जागाच नसते.

गुडघा, दात आणि गळा

प्रत्येक मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात, ग्रेट डेनच्याही आणि चिहुआहुआच्याही. आक्रोडाएवढ्या जबड्यात ते दाटीवाटीनं बसतात, अन्न अडकतं, दुधाचे सुळे पडत नाहीत आणि शेजारी पक्के उगवतात. तोंडाला वास येऊ लागला की लोक म्हणतात, कुत्रं आहे, चालायचंच. तो वास हिरड्या सडत असल्याचा असतो. रोज बोटाला मऊ फडकं किंवा लहान ब्रश लावून दात घासणं, कुत्र्यांची पेस्ट वापरणं, हा एकच स्वस्त उपाय. माणसांची पेस्ट नको.

गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणं हा लहान जातींचा नेहमीचा आजार. तो ओळखायला सोपा आहे. कुत्रं पळता पळता एक मागचा पाय उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं आणि पुन्हा नेहमीसारखं चालू लागतं. घरात सगळे हसतात, कारण ते नाचल्यासारखं दिसतं. खरं म्हणजे वाटी सरकून पुन्हा बसलेली असते. तेव्हाच दाखवलं तर बरंच करता येतं.

पलंगावरून किंवा कडेवरून उडी मारली की पुढच्या पायाचं हाड मोडणं हेही नेहमीचं. अगदी लहान जातींमध्ये त्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे हाड लवकर जुळत नाही. पलंगाशेजारी एक ठोकळा किंवा दोन पायऱ्या ठेवल्या तर हे टळतं.

आणि गळा. श्वासनलिका कमकुवत असलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा ओढला की कोरडा, कर्कश खोकला येतो. म्हणून लहान कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस. तो बसवताना पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत.

मादीचं बाळंतपण हा तर जिवावरचा प्रसंग. पिल्लं एक-दोन, पण डोक्यानं मोठी; बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून ‘घरचंच एक वेत होऊ दे’ हा हट्ट लहान जातीत धरू नये. आणि ‘टीकप’ म्हणून विकली जाणारी पिल्लं कुठल्या जातीची नसतात. ती सर्वांत अशक्त, खुजी पिल्लं निवडून केलेली पैदास असते, आणि वर सांगितलेलं प्रत्येक दुखणं त्यांच्यात आणखी वाढतं.

यातल्या बहुतेक उपचारांसाठी लहान प्राण्यांवर भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर लागतो. खेड्यातला पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्यानं गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभा आहे. दुधाचं गाव असेल तर तिथल्या डॉक्टरांचा दिवस गोठ्यांतच जातो. लहान कुत्रं आणण्याआधी नगरला किंवा पुण्याला कुणाकडे जायचं आणि रात्री जायची वेळ आली तर गाडी कुणाची, हे ठरलेलं असावं.

रात्रीचा पाहुणा

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात कुत्रा पाळणाऱ्याला बिबट्याचा विचार टाळता येत नाही. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतीच्या मुलखात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की जंगल नसलेल्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे राहतात. नंतर त्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबानं, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा कुत्र्यांच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. कारण उघड आहे: शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं.

गावठी कुत्रं निदान पळू शकतं, झुंडीत राहतं. पडवीत साखळीला बांधलेलं तीन किलोंचं कुत्रं पळूही शकत नाही. त्याच्या मागे बिबट्या दारापर्यंत आला, तर धोका एकट्या कुत्र्याचा राहत नाही. तो ओट्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याचा आणि लघवीला उठलेल्या मुलाचाही होतो. म्हणून नियम एकच: दिवेलागणीनंतर लहान कुत्रं घरात, दार बंद. रात्री बाहेर न्यायचंच तर हातात बॅटरी आणि सोबत मोठं माणूस.

दिवसाचा धोका गल्लीतल्या कुत्र्यांचा. अंगावर धावून आलेल्या कुत्र्यांसमोर आपलं कुत्रं उचलून छातीशी धरलं की ती आपल्यावरच उड्या मारतात. फिरायला जाताना काठी जवळ असावी आणि फेरी शक्यतो अंगणात किंवा शाळेच्या रिकाम्या पटांगणात व्हावी.

माळरानाच्या बाजूनं

एका बाबतीत मात्र लहान कुत्रं गावाला फायद्याचं ठरतं. गवत आणि झाडी परत आलेल्या रानात ससे, खोकडं, मोर, तितर परततात, आणि मोकाट कुत्री त्यांच्यामागे लागतात. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात, कुत्र्यांनी हल्ला केलेल्या ८० वन्यप्रजातींची भारतभरातून नोंद झाली. त्यांतल्या ३१ धोक्यातल्या यादीत होत्या. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर वनक यांनी आधीच दाखवलं होतं, की कुत्रं जवळ असलं की खोकड नीट खातसुद्धा नाही. घरात राहणारं तीन किलोंचं कुत्रं सशाच्या मागे लागणार नाही.

पण ते रोग नेऊ शकतं. त्याच नान्नज परिसरातल्या गावकुत्र्यांत डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंचा मोठा प्रादुर्भाव आढळला होता, आणि तो खोकडांपर्यंत पोहोचतो. म्हणून लसीकरण हे केवळ आपल्या कुत्र्याचं काम नाही. ते रानाचंही आहे.

आणि रेबीज. कुत्रं कितीही लहान असलं, तरी त्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या वेळी ती पुन्हा दिलीच पाहिजे. ‘एवढंसं कुत्रं, काय चावणार’ म्हणून दुर्लक्ष केलं आणि रेबीज झाला, तर त्यावर औषध नाही. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लाडाचा परिणाम

लहान कुत्री भांडखोर असतात, असं लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. २००८ मधल्या एका मोठ्या पाहणीत मालकांच्याच सांगण्यावरून डॅशहंड आणि चिहुआहुआ या जाती आक्रमकपणात वरच्या क्रमांकावर आल्या. पण २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी मालकांकडे पाहिलं, तेव्हा दिसलं की लहान कुत्र्यांचे मालक त्यांना शिकवतात कमी आणि नियम रोज बदलतात. मोठा अल्सेशियन गुरगुरला तर घर त्याला शिस्त लावतं. लहानगं गुरगुरलं तर पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. आणि रोज न विचारता उचललं जाणारं, नातवंडांकडून शेपटी ओढली जाणारं कुत्रं भीतीपोटी चावायला शिकतं. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द आणि घरात सगळ्यांचे सारखे नियम, एवढ्यानं निम्मा त्रास जातो.

शेवटी शिल्लक

आता शिल्लक काढू. ज्या घरात दिवसभर कुणीतरी मोठं माणूस असतं, रात्री दार बंद करून झोपायची सोय आहे, नगरच्या दवाखान्यात न्यायला गाडी आहे आणि घरातली सगळी माणसं खाण्याचा एकच नियम पाळू शकतात, त्या घरात लहान कुत्रं आनंदानं जगेल आणि घराला पुष्कळ देईल. ज्यांना मळ्यावर राखण हवी, ज्यांचं दिवसभर रानात काम असतं, ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतली मुलं आहेत, त्यांनी गावठी पिल्लू सांभाळावं. ते इथल्या हवेचं आहे, काटक आहे, आणि लस व नसबंदी झाली की गावालाही हिताचं आहे.

सत्तरीच्या माणसाला पिल्लू भेट देणाऱ्या मुलांनी आणखी एक आकडा समोर ठेवावा. पंधरा वर्षांनी आईचं वय पंचाऐंशी असेल. कुत्रं म्हातारं, कदाचित आंधळं, रोज औषध लागणारं. तेव्हा त्याला कोण घेणार, हे नाव आजच ठरलेलं हवं, आणि ज्याचं नाव आहे त्यानं ते मान्य केलेलं हवं. पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचं, शिकलेलं, कुणीतरी सोडून दिलेलं लहान कुत्रं दत्तक घेतलं तर हा काळ आपोआप कमी होतो, आणि एका जिवाला घर मिळतं. पिल्लूच घ्यायचं तर २०१७च्या नियमांनुसार नोंदणी असलेल्या पैदासकाराकडून घ्यावं, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी विकत असेल तर तिथून परत फिरावं. ते बेकायदा आहे.

हिवरे बाजारनं उसासारख्या तहानलेल्या पिकाला नाही म्हटलं, ते ऊस वाईट म्हणून नाही. आपल्या पाण्यात तो बसत नव्हता. कुत्र्याच्या बाबतीतही घरानं एवढंच बघावं: आपला वेळ, आपली गाडी, आपलं दार, आपलं वय यांत हा जीव बसतो का. बसत असेल तर बिनदिक्कत आणावा आणि जिवापाड जपावा. बसत नसेल तर दारातल्या गावठी कुत्र्याला लस टोचून घेणं, हीसुद्धा प्राण्यावरची मायाच आहे.